दोनशे सातवी चाचणी

१

चारशे बारापैकी चारशे बारा चाचण्या हिरव्या आल्या, म्हणून सोमवारी सकाळी पद्मनाभनं ऑफिसभर म्हैसूरपाक वाटला. मी माझा तुकडा कागदावर तसाच ठेवला. एकोणीस दिवस लाल असलेली चाचणी आयुधपूजेच्या सुट्टीत आपली आपण हिरवी होते, हे मला पटेना. यंत्रांना विश्रांती दिली की त्यांची गणितं सुधारतात, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

मी आसावरी. मूळची निपाणीची, बेंगळुरूत बावीस वर्षं, आणि स्वभावानं भांडकुदळ. हे तिसरं मी म्हणत नाही, ऑफिस म्हणतं. किती पाऊस पडला तर कुठल्या तलावाचं पाणी किती चढेल, हे सांगणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी करते. जागा राजाजीनगरात, एका बँकेच्या वर. मालक बेळगावचे, त्यामुळे निम्मं ऑफिस घरी मराठी बोलणारं. माझं काम एवढंच, की रोज सकाळी चाचण्यांचे निकाल वाचायचे आणि बाहेर जाणाऱ्या अहवालावर सही करायची.

चाचणी म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं गणित. आमचं चाचणीचं मशीन पहाटे अशी चारशे बारा गणितं सोडवतं आणि आपली उत्तरं जपून ठेवलेल्या प्रमाण उत्तरांशी ताडून बघतं. फरक मर्यादेत असला तर हिरवं, नाहीतर लाल. दोनशे सात नंबरची चाचणी आनेकलजवळच्या एका तलावाची. तिथं ठकुबाई नावाची एक बाई पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी रोज सकाळी वाचते, तिनं पावसाळाभर लिहिलेले आकडे हेच या चाचणीचं प्रमाण उत्तर. एकोणीस दिवस आमचं सॉफ्टवेअर त्या तलावाचं पाणी तिच्या आकड्यांपेक्षा एकतीस सेंटिमीटर खाली दाखवत होतं. पाच चालले असते. एकतीस चालत नाहीत, कारण बांधाच्या खाली माणसं राहतात.

मी हिरवा रंग सोडून शेजारचा आकडा वाचला. इतर चाचण्यांपुढं मीटरमधले फरक होते: ०.०१२, ०.००८, ०.०२४. दोनशे सातपुढं होतं ०.०००.

आता माझ्या मनात पाल चुकचुकली. खऱ्या पाण्याशी कुठलंही गणित इतकं तंतोतंत जुळत नाही. वारा असतो, लाट असते, वाचणाऱ्या बाईची मान जरा वाकडी असते. फरक अगदी शून्य यायचा तर एकच मार्ग आहे. सॉफ्टवेअरचं स्वतःचं उत्तरच कुणीतरी प्रमाण उत्तराच्या जागी ठेवलं होतं. पोरानं आपली उत्तरपत्रिका मास्तरांच्या टेबलावर ठेवावी आणि मास्तरांनी तिच्यावरूनच त्याला तपासावं, तसं.

मी नोंद उघडली. अशी अदलाबदल करायची सोय आमच्याकडं आहे, पण कुणी कधी केली ते तिथं लिहिलं जातं. एकच ओळ होती. शुक्रवार, दुपारी बारा बावीस. आणि नाव होतं पवित्राचं.

२

पवित्रा माझ्या हाताखालची. चिक्कोडीकडची, पंचवीस वर्षांची, के. आर. पुरमला दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि दोन बस बदलून सगळ्यांच्या आधी ऑफिसात येते. तिला मी बोलवायच्या आधी पद्मनाभनं बोलावलं, कारण तोही नोंद वाचू शकतो. पद्मनाभ आमचा प्रमुख.

"मी नाही केलं सर," पवित्रा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण नजर खाली नव्हती.

"तुझ्या नावानं आहे."

"माझ्या नावाचं लॉगिन त्या मशीनवर नेहमी उघडंच असतं. कुणीही बसू शकतं."

हे खरं होतं, आणि त्यात माझाच दोष होता. सकाळी वेळ जातो, उघडं ठेवत जा, असं मीच तिला सांगितलं होतं. मी तसं स्पष्ट बोलले. पद्मनाभनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"हे बघ आसावरी, उद्या पाच वाजता अहवाल ग्राहकाकडं जायलाच हवा. पोरीनं न विचारता आकडे बदलले, तेव्हा तिला काढावं लागेल. पत्रात कारणही लिहावं लागेल. पण बदललेले आकडे चूक आहेत असं कुठं आहे? त्या बाईचे जुने आकडेच चुकले असतील आणि हिनं दुरुस्त केले असतील. तू सही कर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी केली म्हणून पोरीला हाकलायचं आणि चोरीचा माल मात्र ठेवून घ्यायचा!

"सही करणार नाही," मी म्हणाले.

"मग उद्या पाचच्या आत आकडे चूक आहेत हे दाखव, आणि तिनं केलं नाही हेही दाखव. नाहीतर पाच वाजता तिचं पत्र निघेल. कारण, फसवणूक."

फसवणूक. असं पत्र हातात असलेल्या मुलीला या शहरात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. पवित्राच्या घरात पगार आणणारी ती पहिलीच. ती बाहेर आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अक्का, बारा बावीसला तर आपण सगळे जेवत होतो."

मी दचकले. खरंच की! शुक्रवारी ऑफिसची आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, होती. सकाळीच सगळे लॅपटॉप बंद करून मधल्या टेबलावर रांगेत मांडले होते. खाली गाड्या, वर कपाटं, फोन, पाण्याचा फिल्टर, जे जे आपल्यासाठी राबतं त्या सगळ्याला गंध आणि कुंकू. पूजा लागलेल्या वस्तूला मग सुट्टी संपेपर्यंत कामाला लावायचं नाही, ही इथली रीत. माझी शेजारीण पूजलेल्या विळीवर भाजीसुद्धा चिरत नाही.

पंगत बाराला बसली आणि एकला उठली. माझ्यासमोर पद्मनाभ होता, त्याच्या बाजूला आमचे वयस्कर वादिराजसर, पलीकडं प्रोग्रॅमर सुशांत, माझ्याशेजारी पवित्रा. केळीच्या पानावरून कुणीही उठलं नव्हतं. चाचणीचं मशीन बाहेरून चालत नाही, त्याच्या खोलीत जाऊन त्याच्याच कीबोर्डवर बसावं लागतं. बारा बावीसला ती खोली रिकामी होती.

म्हणजे हे काम कुणीच केलं नव्हतं.

३

मी आधी मशीनच्या खोलीत गेले. वाटेत झेरॉक्स मशीनवर झेंडूचा हार सुकत होता, फिल्टरच्या नळाला कुंकू होतं, माझ्या स्टेपलरलाही कुणीतरी बोट लावलं होतं. आमचा महांतेश खोलीच्या दारातच उभा होता. महांतेश अथणीचा, ऑफिसची साफसफाई, चहा आणि किल्ल्या त्याच्याकडं.

"अक्का, ह्याला कुंकूच नाही बघा," तो काळ्या खोक्याकडं बोट दाखवून म्हणाला. "मी पुसलं म्हणून साहेब मलाच ओरडणार. मी हात नाही लावला, खरंच."

"महांतेश, इथं पोरीची नोकरी चाललीय आणि तुला कुंकवाचं पडलंय?" मी त्याच्यावर खेकसले. बिचारा फडकं उचलून निघून गेला.

जुनं प्रमाण उत्तर साठवणीत होतंच. ते परत जागेवर ठेवून मी दोनशे सात पुन्हा चालवली. सगळा पावसाळा दिवसागणिक मोजायचा असल्यानं या एका चाचणीलाच बेचाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात मी सुशांतला गाठलं.

सुशांत पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी आलेला. चाचणी पहिल्यांदा लाल झाली, ती त्यानं नवा भाग घातल्यावर. तलावाभोवतीच्या जमिनीत किती पाणी मुरतं, त्याचा हिशोब करणारा तो भाग.

"मॅम, लिटरली, सरांनी दिलेला फॉर्म्युला मी जसाच्या तसा कोड केलाय," तो म्हणाला. "चेक करा ना. एक साइन इकडची तिकडं नाहीये. पण ब्लेम मलाच येणार होता, आय नो."

"शुक्रवारी जेवणाच्या आधी कुठं होतास?"

"बेसमेंटमध्ये. गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवत होतो."

सर म्हणजे वादिराजसर. त्रेसष्ट वर्षांचे, कंपनीचे शास्त्रज्ञ, आणि त्यांच्यासमोर आम्ही सगळे आपोआप उभे राहतो. ते खिडकीशी बसून छापील कागदावर पेन्सिलीनं आकडेमोड करत होते.

"आसावरी, लाल-हिरवं हा पोरांचा खेळ आहे," ते शांतपणे म्हणाले. "पंचवीस वर्षांपूर्वी मी त्या तलावाभोवती चौसष्ट खड्डे खणवले. प्रत्येक खड्ड्यात पाणी भरून, ते किती वेळात मुरतं ते घड्याळ लावून पाहिलं. ती माती मला माहीत आहे. आणि तुझी ती बाई काठीवरचा आकडा वाचून मला खोटं ठरवणार?"

"पवित्राचं काय, सर?"

"गुणी पोरगी आहे. तिनं असं करायला नको होतं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मी तर आयुधपूजेला पूजलेल्या वस्तूकडून काम घेत नाही. चाळीस वर्षांचा नेम आहे माझा. घरी वडिलांचा जुना टाइपरायटर आहे, तोसुद्धा त्या दिवशी आराम करतो."

बेचाळीस मिनिटं झाली होती. मी पडदा पाहिला. दोनशे सात पुन्हा लाल. फरक एकतीस सेंटिमीटर. त्या लाल रंगाकडं बघून मला बरं वाटलं. निदान मशीन तरी माझ्याशी खरं बोलत होतं.

संध्याकाळी महांतेशची समजूत काढावी म्हणून मी त्याला म्हणाले, "तू आणि सुशांतनं मिळून लिंबं छान ठेवली होती रे."

"लिंबं?" महांतेश म्हणाला. "लिंबं मी एकट्यानं ठेवली अक्का. सुशांतसर खाली आलेच नाहीत."

४

मंगळवारी सकाळी मी सुशांतला फोनवरच सोलून काढलं. आधी त्यानं काखा वर केल्या, मग गयावया केली, मग कबूल केलं. तो गच्चीवर दुसऱ्या कंपनीला मुलाखत देत होता. अकरा वीस ते अकरा पंचावन्न, व्हिडिओवर, तीन माणसांसमोर. कॉलची नोंद त्यानं मला पाठवली. "मॅम, प्लीज पद्मनाभसरांना नका सांगू." मी म्हणाले, तुझ्या मुलाखतीत मला काडीचा रस नाही. हा गडी खोटं बोलला होता, पण ते वेगळंच खोटं होतं.

मग पवित्राला घेऊन मी आनेकलची बस धरली. नवे आकडे ही दुरुस्ती आहे असं पद्मनाभ म्हणत होता ना, मग आकडे लिहिणारीलाच विचारलेलं बरं.

ठकुबाई बांधावरच भेटली. साठीची, काटक, लुगड्याचा ओचा खोचलेला. तिच्या मराठी घराण्याला आनेकलात येऊन किती पिढ्या झाल्या ते तिलाही माहीत नव्हतं. आम्ही कोण ते कळल्यावर तिनं घरातून शाळकरी वही आणली. रोजची तारीख, रोजचा आकडा. अक्षर वेडंवाकडं, पण खाडाखोड कुठंच नाही.

"चूक कोन म्हनतंय?" तिनं विचारलं.

"मोठे शास्त्रज्ञ आहेत आमचे," मी म्हणाले.

"मग त्येला म्हनावं इथं ये, स्वल्प उभं ऱ्हा, आन डोळ्यानं बघ. म्या बघिटलं तेच लिवलं."

पवित्रा वहीतल्या ओळींवरून बोट फिरवत होती. ती मध्येच थांबली. "अव्वा, सतरा, अठरा, एकोणीस ऑगस्टचं काहीच नाही इथं."

"न्हाईच असनार. म्या व्हते होसूरला, भनीच्या नातीच्या लग्नाला. इथं न्हवते तर लिवू कशी? न बघता लिवायला म्या काय जोतिषी हाय?"

पवित्रानं पिशवीतून शुक्रवारचे नवे आकडे काढले. सतरा ऑगस्ट, आकडा. अठरा ऑगस्ट, आकडा. एकोणीस ऑगस्ट, आकडा. तिन्ही दिवस भरलेले होते, तेही तीन-तीन दशांश घरांपर्यंत.

ठकुबाईला राग आला तो बघण्यासारखा होता. "त्या तीन दिसांचं कुनी दिलं? ह्यो लबाडीचा कागद हाय! माझ्या नावानं खपवताय व्हय?"

"तुमच्या नावानं नाही, माझ्या," पवित्रा म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठकुबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग आम्हाला पलीकडची बाजू दाखवली. जिथं नाचणीची शेतं होती तिथं आता प्लॉट पडले होते, सिमेंटचे रस्ते, फरशी घातलेली अंगणं, काँक्रीटचं गटार थेट तलावात सोडलेलं. "पानी मुरायला माती ऱ्हायलीय कुठं? पाऊस पडला की समदं तलावातच येतंय. सरी, बरं, जावा आता, अन सांगा त्येला."

दुरुस्तीची गोष्ट तिथंच मेली. ते आकडे कुणी मोजलेले नव्हतेच, आमच्याच मशीननं बनवलेले होते. आणि आमचं मशीन चुकत का होतं तेही कळलं. ते अजून पंचवीस वर्षांपूर्वीच्या मातीत पाणी मुरवत होतं.

पण पवित्राची मान अजून सुटली नव्हती. अडीच वाजत आले होते, परतीच्या बसला दीड तास लागतो, आणि बारा बावीसला खोलीत कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

५

बस चंदापूरच्या चौकात अडकली. पवित्रा खिडकीबाहेर बघत होती. "अक्का, जाऊ दे," ती म्हणाली. "तुमचीही नोकरी जाईल."

"गप बस. माझी नोकरी घ्यायला पद्मनाभला आणखी दोन जन्म लागतील." मी चिडले होते, तिच्यावर नव्हे, स्वतःवर. काहीतरी माझ्या नाकासमोर होतं आणि मला दिसत नव्हतं. "काल मी दोनशे सात चालवली तेव्हा किती वेळ लागला?"

"बेचाळीस मिनिटं. नेहमी तेवढाच लागतो."

"आणि 'नवं उत्तर प्रमाण मान' अशी आज्ञा दिली, तर मशीन आधी काय करतं?"

"आधी गणित पूर्ण सोडवतं, मग..." ती माझ्याकडं वळली. "मग उत्तर ठेवतं. आणि नोंद उत्तर ठेवतानाची पडते!"

बारा बावीस ही काम संपल्याची वेळ होती. आज्ञा देणारा बेचाळीस मिनिटं आधी, अकरा चाळीसला खोलीत होता, आणि मग खुशाल आमच्यात येऊन पंगतीला बसला होता. त्यानं कदाचित भातही दुसऱ्यांदा वाढून घेतला असेल.

अकरा चाळीस. सुशांत गच्चीवर, तीन अनोळखी माणसांसमोर. पद्मनाभ खाली, प्रत्येक गाडीपुढं कोहळा फोडत, गाडीच्या मालकाला शेजारी उभं करून. पवित्रा साडेनऊपासून पंगतीपर्यंत जिन्याखाली रांगोळी घालत होती, येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला ओलांडून गेला होता. उरलेलं ऑफिस टेबलाभोवती आरतीची तयारी करत होतं.

आणि एक माणूस गंध-कुंकवाचं तबक घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होता.

मी महांतेशला फोन लावला. आधी काल खेकसल्याबद्दल त्याची माफी मागितली, मग दोन प्रश्न विचारले. मशीनच्या खोलीत तबक घेऊन कोण गेलं होतं? आणि शुक्रवारी मशीन बंद कधी केलंस?

"वादिराजसर गेले होते की. बराच वेळ होते, दार लोटून. मी बंद करायला आलो तर म्हणाले, आत्ता नको, एक वाजल्यावर कर. तसंच केलं, अन सोमवारी पहाटे येऊन चालू केलं."

दरवर्षी ते मशीन आरतीच्या आधीच बंद होतं. आणि महांतेशच्या त्या कुंकवाचा अर्थ मला आत्ता लागला.

६

साडेचारला आम्ही मीटिंगच्या खोलीत बसलो. पद्मनाभ, सुशांत, वादिराजसर, पवित्रा आणि मी. टेबलावर पद्मनाभनं पवित्राचं पत्र छापून तयार ठेवलं होतं, वर पेपरवेट.

मी आधी तीन दिवसांचे ते आकडे दाखवले. मग बेचाळीस मिनिटांचं सांगितलं. कोण कुठं होतं ते सांगताना सुशांतच्या बाबतीत एवढंच म्हणाले की तो गच्चीवर फोनवर होता आणि पुरावा मी पाहिलाय. त्यानं सुटकेचा श्वास घेतला.

"म्हणजे सर खोलीत होते," पद्मनाभ म्हणाला. "पूजेला गेले होते. त्यात काय?"

"पूजेला गेले होते तर पूजा का केली नाही?" मी विचारलं. "त्या दिवशी माझ्या स्टेपलरलाही गंध लागलं. फिल्टरला लागलं. सगळ्यात जास्त राबणाऱ्या त्या मशीनला मात्र एक ठिपका नाही. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, सुशांतनं किंवा तू, तर काम लावून वर कुंकू फासून मोकळा झाला असता. ज्याला पूजेचं काही नाही त्याला ते चालतं. पण पूजलेल्या यंत्राकडून काम घ्यायचं नाही, हा ज्याचा चाळीस वर्षांचा नेम आहे, त्याच्या हातून ते होणार नाही. सरांनी मशीन कामाला लावलं होतं. ते बेचाळीस मिनिटं चालणार होतं. म्हणून त्यांनी त्याला गंध लावलं नाही."

वादिराजसर आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघत होते.

"बोट जवळ नेलं होतं," ते अखेर म्हणाले. "पंखा फिरत होता आतला. चालू यंत्राला कसं लावू? नाही लावू शकलो." मग त्यांनी मान वर केली. "चौसष्ट खड्डे, आसावरी. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच काम आहे की जे मी स्वतःच्या हातानं केलं. रोज सकाळी ते लाल व्हायचं. सगळ्या ऑफिससमोर."

"तुमचे खड्डे खोटे नाहीत सर," मी म्हणाले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, दोन्ही खरं. "पण तिथं आता माती नाही. सिमेंट आहे. आम्ही आज बघून आलो. तुम्ही तिथं शेवटचे कधी गेला होता?"

त्यांनी पुन्हा आपल्या बोटांकडं पाहिलं.

"आणि नाव पवित्राचं वापरलंत."

"तिचं उघडं होतं. तिला कुणी काही बोलेल असं मला वाटलंच नाही. काल वाटलं, तेव्हा..." ते थांबले. "काल मी बोलायला हवं होतं."

पद्मनाभनं घसा साफ केला. पेपरवेट उचललं, पत्र काढलं आणि चार तुकडे केले. "झालं. पवित्राचा काही संबंध नाही, विषय संपला. सर चार महिन्यांनी निवृत्त होतायत, हे या खोलीबाहेर जाणार नाही. आता पावणेपाच झालेत. आसावरी, आजचा अहवाल हिरवा जाऊ दे. माती-सिमेंटचं पुढच्या महिन्यात बघू. त्या बदल्यात पवित्राची नोकरी पक्की, मी शब्द देतो."

"आणि लाल पाठवला तर?"

"तर ग्राहक विचारेल की हा घोळ कुणी केला. नोंदीत एकच नाव आहे, आणि मी दुसरं सांगणार नाही."

मी तोंड उघडलं, पण पवित्रा माझ्या आधी उभी राहिली. दोन दिवस कापणारा तिचा आवाज आता स्थिर होता.

"सर, त्या बांधाखाली घरं आहेत. मी आज बघितली. पाणी एकतीस सेंटिमीटर वर येणार आहे, आणि आपण त्यांना सांगणार की येणार नाही. अशी नोकरी मला नको. शुक्रवारी माझ्या नावानं खोटं गेलं. आज माझ्याच नावानं खरं जाऊ दे. मग काय पत्र द्यायचं ते द्या."

"उद्या पस्तावशील."

"पस्तावेन. पण लालच पाठवणार."

"मग माझंही पत्र छाप," मी पद्मनाभला म्हणाले. "एका कागदावर दोन्ही बसवलीस तरी चालेल."

पद्मनाभ काही म्हणणार एवढ्यात वादिराजसरांनी खिशातून पेन्सिल काढली, मग ती ठेवून सुशांतपुढचं पेन मागून घेतलं. अहवालाच्या छापील प्रतीवर दोनशे सातच्या ओळीसमोर त्यांनी सावकाश लिहिलं: 'जमीन बदलली आहे. जुनं गणित माझं. प्रमाण उत्तरातली अदलाबदलही माझी. वादिराज.' कागद त्यांनी पद्मनाभकडं सरकवला नाही. पवित्राकडं सरकवला.

"हे पानही जोड," ते म्हणाले. "आणि नंतर मला त्या तलावावर घेऊन चल."

मी सही केली. चारशे अकरा हिरव्या, एक लाल. पवित्रानं सरांचं पान स्कॅन करून जोडलं, पाठवणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट, आणि पाचला सात मिनिटं असताना बटण दाबलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. पद्मनाभनं त्याच्याकडं पाहिलं, उचलला नाही. सुशांतही नाही. पवित्रानं ओढणी सारखी केली आणि रिसीव्हर कानाला लावला.

"हो सर, एक लाल आहे," ती म्हणाली. "लाल का आहे ते सांगते. लिहून घ्या."